मंदिरातील श्रवण आणि आपल्या भूमीचे तंतू
(ज्युबिली महोत्सवाच्या निमित्ताने पुसद येथे धर्मग्रामस्थांपुढे दिलेले भाषण)



ज्युबिली म्हटली की पूर्वजांचे स्मरण आणि देवाचे उपकारस्मरण ही दोन कर्तव्ये आपोआप पुढे उभी राहतात. ती माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथायोग्य पार पाडली आहेत. मी निवडलेला विषय धर्मगुरूच्या मुखी शोभेल काय, अशी शंका कोणाच्या मनात येईल. कारण मी आज कापूस, अंबाडी, पऱ्हाटी आणि घोंगडी यांविषयी बोलणार आहे. तथापि या विषयाचा आपल्या उपासनेशी अत्यंत निकटचा संबंध आहे, असे माझे नम्र मत आहे, आणि तो आपणांस पटवून द्यावा एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात श्रद्धेचा उगम श्रवणात असल्याचे सांगितले आहे. ज्याच्या कानी शब्दच पोहोचला नाही, त्याने विश्वास कशावर ठेवावा? पूर्वी मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून मंद स्वरात प्रार्थना म्हणत, आणि भाविक आपापली जपमाळ ओढीत किंवा प्रार्थनापुस्तक वाचीत. मंदिरात आवाज घुमला तरी त्या काळी फारसे बिघडत नसे. उलट त्या घुमण्याने लॅटिन गायनास एक गांभीर्य येई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयीचा आपला लेख प्रसिद्ध केला आणि लोकभाषेचे द्वार उघडले. तेव्हापासून शुभवर्तमान आपल्या मराठीत वाचले जाऊ लागले. हे दान फार मोठे आहे. परंतु जे मराठीत वाचले गेले ते मागच्या बाकावरील वृद्ध मातेस ‘काहीतरी घुमले’ एवढेच ऐकू येत असेल, तर त्या दानाचा तिला काय उपयोग?

ज्युबिली समितीपुढे सूचना पुष्कळ आल्या आहेत. कोणी म्हणतात, भिंतींस खालून वरपर्यंत चकचकीत फरशी लावावी. कोणी म्हणतात, मोठे कर्णे घ्यावेत. दोन्ही सूचनांमागील भक्तिभावाचा मी आदर करतो. मात्र निधी खर्ची पडण्यापूर्वी शब्दाचे मंदिरात नेमके काय होते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

आपण शब्द उच्चारतो तेव्हा ध्वनीच्या लहरी सर्व दिशांना जातात. त्यांतील थोड्या थेट ऐकणाऱ्याच्या कानी पडतात. बाकीच्या भिंतींवर, फरशीवर आणि छतावर आपटून परत फिरतात. गुळगुळीत गिलावा, सिमेंटचा स्लॅब आणि फरशी हे पदार्थ आपणांवर पडलेला ध्वनी जवळजवळ जसाच्या तसा परत देतात. मग तोच आवाज पुन्हा पुन्हा फिरत राहतो. यास आपण घुमारा म्हणतो; शास्त्रात अनुरणन असा शब्द आहे. वाचक कितीही सावकाश वाचू लागला तरी एका सेकंदात तीन-चार अक्षरे उच्चारतो. घुमारा पाच सेकंद टिकला तर पंधरा-वीस अक्षरे एकाच वेळी हवेत तरंगत राहतात, आणि नवे अक्षर जुन्यांच्या गर्दीत हरवते.

त्यातही अधिक हानी व्यंजनांची होते. स्वर जोरकस असतात व लांबतात. क, त, प, स ही व्यंजने क्षणिक आणि दुबळी असतात. मागील ‘आ’ अजून घुमत असताना पुढील ‘त’ त्याखाली झाकला जातो. मग ‘तारण’ आणि ‘कारण’, ‘पाप’ आणि ‘ताप’ यांतील भेद उरत नाही. उपदेशकाने पापाविषयी बोलावे आणि ऐकणाऱ्याने तापाविषयी समजावे, अशी ही अवस्था होय.

येथे कर्ण्यांचा विचार करू. ध्वनिवर्धकाने आवाज वाढतो हे खरे. पण त्याबरोबर घुमाराही तेवढाच वाढतो. चिखलात रुतलेल्या गाडीस आणखी दोन बैल जुंपले म्हणून चिखल कमी होत नाही. ज्यांना कमी ऐकू येते व जे कानात यंत्र लावतात, त्यांची अडचण तर अधिकच बिकट असते; कारण ते यंत्र शब्द आणि घुमारा दोन्ही मोठे करून देते. भिंतीस चकचकीत फरशी लावल्याने तर दुखण्यावर उपचार होण्याऐवजी दुखणेच पक्के होईल.

या दुखण्याचे शास्त्र ज्याने प्रथम मांडले त्याची हकिकत मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात एक नवे व्याख्यानगृह बांधले होते. त्यात वक्त्याचे बोलणे समजत नसे. १८९५ साली वॉलेस क्लेमेंट सॅबाइन या तरुण प्राध्यापकास त्यावर उपाय शोधण्यास सांगण्यात आले. तो रात्री रस्ते शांत झाल्यावर काम करी. ऑर्गनची एक नळी वाजवावी, ती थांबवावी, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत किती वेळ जातो ते मोजावे, हा त्याचा क्रम. रिकाम्या गृहात आवाज साडेपाच सेकंदांहून अधिक काळ टिकत असे. मग त्याने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या आणवून एकेक करून आत मांडल्या. गाद्या वाढत गेल्या तसा घुमारा घटत गेला, आणि सर्व गाद्या मांडल्यावर तो सेकंदाहून किंचित अधिक एवढाच उरला. स्वतःच्या अंगावरील कपड्यांनीही मोजणीत फरक पडतो हे ध्यानी आल्यावर तो नेहमी तेच कपडे घालून प्रयोगास बसू लागला. या परिश्रमांतून निघालेल्या नियमाच्या आधारे बॉस्टन शहरातील सिंफनी हॉल १९०० साली उभा राहिला, आणि जगातील उत्तम संगीतगृहांत आजही त्याची गणना होते.

ध्यानात घ्या, या शास्त्राचा पाया एका गादीवर रचला गेला. आणि गादी ही वस्तू कापूस पिकविणाऱ्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यास कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही!

सॅबाइनचा नियम साधा आहे. खोलीचे घनफळ घनमीटरांत घ्यावे, त्यास ०.१६१ ने गुणावे, आणि खोलीतील एकंदर शोषणाने भागावे. जे उत्तर येईल तितके सेकंद घुमारा टिकतो, म्हणजे ध्वनीची शक्ती दशलक्षांश होण्यास तितका वेळ लागतो. शोषणाचे माप उघड्या खिडकीवरून ठरते. एक चौरस मीटर उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचे शोषण एक एकक मानतात. आता २० मीटर लांब, १० मीटर रुंद व ५ मीटर उंच असे एक प्रार्थनागृह कल्पू. घनफळ १००० घनमीटर. आतील पृष्ठभाग सर्व मिळून ७०० चौरस मीटर. गिलावा, फरशी व स्लॅब ध्वनीचा शेकडा तीन भाग गिळतात असे धरल्यास २१ एकके होतात. उघड्या खिडक्यांची ९ एकके मिळविल्यास बेरीज ३०. तेव्हा १६१ भागिले ३०, म्हणजे पाच सेकंदांहून अधिक घुमारा! शंभर माणसे येऊन बसली तर त्यांचे कपडे व शरीरे मिळून सुमारे ४० एककांची भर पडते आणि घुमारा सव्वादोन सेकंदांच्या आसपास येतो. नाताळच्या मिस्सेत प्रवचन बरे समजते आणि आठवड्यातील मिस्सेत समजत नाही, याचे कारण हेच. आता याच गृहात पाच सेंटिमीटर जाडीच्या तंतूंच्या ६० चौरस मीटर चौकटी लावा. बोलण्याच्या मध्यम व उंच स्वरांपुरते अशा चौकटींचे शोषण शेकडा ८० धरण्यास हरकत नाही. म्हणजे ४८ एकके. शंभर माणसांसह घुमारा एक सेकंद व तृतीयांशाच्या जवळ येतो. वाचलेला शब्द समजावा आणि भजनासही गोडवा राहावा, असा हा सुवर्णमध्य होय.

तंतू ध्वनी कसा गिळतात, हेही जाणण्यासारखे आहे. ध्वनी म्हणजे हवेचे मागेपुढे होणारे सूक्ष्म हेलकावे. कापसाच्या पिंजलेल्या थरात असंख्य तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यांच्यामध्ये हवेच्या चिंचोळ्या वाटा असतात. ध्वनी या वाटांत शिरला की हवा तंतूंशी घासत जाते. त्या घर्षणाने ध्वनीची शक्ती उष्णतेत पालटते. ही उष्णता इतकी अल्प असते की हातास ती कधीही जाणवणार नाही. यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, थरात हवा शिरली पाहिजे. वरून तेलरंग फासला अथवा प्लास्टिक चढविले तर बोलण्याचे उंच स्वर पृष्ठभागावरूनच परततील. कापड निवडताना ते तोंडाशी धरून फुंकर घालावी. फुंकर पलीकडे गेली तर कापड योग्य. या परीक्षेस आपली खादी सहज उतरते. दुसरी, थरास जाडी हवी. उंच स्वराच्या लहरी आखूड असतात. १००० कंपनांच्या स्वराची लहर सुमारे ३४ सेंटिमीटर, तर १०० कंपनांच्या खर्जाची लहर सुमारे साडेतीन मीटर. पातळ पडद्याने खर्ज हलत नाही. तिसरी, चौकट भिंतीस चिकटवून न लावता मागे चार बोटे अंतर ठेवले तर तेवढ्याच कापसाचे काम वाढते, कारण भिंतीला अगदी लागून हवेचे हेलकावे जवळजवळ थांबलेले असतात आणि थोड्या अंतरावर ते जोमदार असतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आतील घुमारा शोषणे आणि बाहेरील गोंगाट अडविणे ही दोन वेगळी कार्ये आहेत. रस्त्यावरून मिरवणूक वाजत गेली तर कापसाच्या चौकटीने ती अडणार नाही. त्यासाठी जड भिंत आणि घट्ट बसणारी दारे लागतात. आपल्या देशाचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली निघाला. मुंबईतील तो स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ असल्याने गाड्या थांबल्यावर रात्रीच चित्रण करावे लागे. आतील भिंती किती का मऊ असेनात, आगगाडीचा आवाज त्यांनी थांबला नसता. तंतूंकडून जे काम होणार नाही त्याची अपेक्षा धरली, म्हणजे निराशा पदरी येते आणि दोष मात्र बिचाऱ्या कापसास लागतो.

आपल्या वाडवडिलांनी हे शास्त्र पुस्तकात वाचले नव्हते, पण त्यांच्या घरांत ते नांदत होते. वऱ्हाडातील कुडाचे घर आठवा. तुराट्या किंवा पऱ्हाट्या उभ्या बांधून त्यांवर माती आणि शेण यांचा लेप. वर गवताचे शाकारणे किंवा कवेलू. अशा घरात आवाज घुमत नसे. कवेलूंच्या फटींतून तो निघूनही जाई. पाटलाच्या बैठकीत गाद्या, लोड, तक्के, जाजम पसरलेले असे, आणि मंद स्वरात बोललेलेही दुसऱ्या टोकास समजे. ती घरे मी आदर्श म्हणून पुढे ठेवीत नाही. वाळवी, गळती व आग यांनी त्यांतील माणसे पुष्कळ गांजली होती. सिमेंट आले म्हणून पावसाळ्यात गरिबाचे अंथरूण कोरडे राहिले, याबद्दल देवाचे आभारच मानावेत. परंतु भिंत पक्की झाली तेव्हा तिचा मऊपणा गेला, आणि तो मऊपणा परत आणण्याचे साधन आपल्याच शेतात आहे, हे आपण विसरलो.

याच्या उलट टोक पाहावयाचे असेल तर विजापूरचा गोल घुमट पाहावा. १६५६ साली वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची ती कबर. तेथील सज्जात हलकेच बोललेले समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकू येते आणि एक टाळी अनेकवार परतते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांसही अशा कुजबुजत्या सज्जांचे कुतूहल वाटले आणि त्यांनी १९२२ च्या सुमारास त्यांवर संशोधन केले. प्रवाशास तो चमत्कार आहे. पण त्या घुमटाखाली कोणी प्रवचन करू लागला तर एक वाक्यही समजणार नाही. गोव्यातील जुन्या, भव्य मंदिरांत उपदेशपीठ वेदीपाशी न ठेवता लोकांच्या मध्यभागी, बाजूच्या भिंतीस उंचावर बसविलेले दिसते, आणि त्यावर लाकडी छत्र असते. उपदेशकाचा आवाज वर उधळून न जाता श्रोत्यांकडे यावा, हा त्या छत्राचा उपयोग. त्या काळच्या धर्मगुरूंस घुमाऱ्याची अडचण पुरती ठाऊक होती, असाच याचा अर्थ.

आता आपल्याजवळ काय काय आहे ते पाहू. प्रथम अर्थातच कापूस. जिनात रुई व सरकी वेगळी होताना उरणारा आखूड तंतूंचा भाग आणि जुन्या गाद्यांतील कापूस या कामास उत्तम चालतो. लांब धाग्याचा महाग कापूस येथे लागतच नाही. अमेरिकेत जुन्या जाड सुती कपड्यांचे तंतू मोकळे करून ते भिंतींत भरतात. आपल्याकडे पिंजाऱ्याचे कौशल्य अद्याप पूर्णपणे लोपलेले नाही. त्याच्या धनुकलीने फुललेला कापूस हाच उत्तम ध्वनिशोषक. दुसरी अंबाडी. तिची भाजी आपण आवडीने खातो. तिचे खोड पाण्यात कुजवून काढलेल्या वाखाचे दोर पोळ्याच्या सणास बैलांच्या गळ्यात पडत आले आहेत. तोच वाख सैल थापून चौकटीत भरता येतो. तागाचेही तसेच, आणि कोकणातील काथ्याचेही. तिसरी धनगराची घोंगडी. लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते. म्हणून तिचे मोल विशेष.

चौथी वस्तू पऱ्हाटी. वेचणी संपल्यावर हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी शेतात उभी राहते. तिचा काही भाग चुलीत जातो, उरलेली बांधावर रचली जाते अथवा जाळली जाते. बांधावर राहिलेल्या पऱ्हाटीच्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दडून राहते आणि पुढील हंगामात पिकावर येते. २०१७ साली विदर्भाने तिचा तडाखा कसा असतो ते अनुभवले. मुंबईस माटुंगा येथे १९२४ साली कापसाच्या तंत्रविद्येची जी प्रयोगशाळा स्थापन झाली, तीच पुढे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था झाली. पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून, ते दाबून त्यांच्या फळ्या करण्याची रीत या संस्थेने सिद्ध केली आहे. घट्ट दाबलेली फळी स्वतः फारसा ध्वनी शोषीत नाही हे खरे. पण तीस जवळजवळ छिद्रे पाडून मागे कापसाचा थर दिला तर देखणी व टिकाऊ चौकट तयार होते. हे स्वप्नरंजन नव्हे. अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात १९२० नंतरच्या दशकात उसाच्या चिपाडापासून ‘सेलोटेक्स’ नावाच्या फळ्या होऊ लागल्या, आणि छिद्रे पाडलेल्या त्या फळ्या नाट्यगृहांच्या व कचेऱ्यांच्या छतांस लागल्या. तेथे उसाचे चिपाड कामी आले, तर येथे पऱ्हाटी का येऊ नये?

आक्षेपांचा विचार न करता योजना मांडणे हे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप आगीचा. कापूस जळतो. काचेची अथवा दगडाची लोकर जळत नाही, हा तिचा गुण आपण मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. तिला फार मोठ्या भट्टीची उष्णता लागते व तिचे कण त्वचेस बोचतात, हे तिचे दोष. परंतु बाजारात ध्वनीसाठी म्हणून जो स्वस्त, मऊ फेस मिळतो, त्यापासून आपण दूरच राहावे. अमेरिकेतील वेस्ट वॉरविक येथील एका नृत्यगृहात २० फेब्रुवारी २००३ रोजी भिंतीवरील अशाच फेसास आतषबाजीची ठिणगी लागली आणि १०० माणसे मृत्यू पावली. ब्राझीलमधील सांता मारिया येथे २७ जानेवारी २०१३ रोजी तसेच घडले. २४२ जीव गेले, बहुतेक तरुण, आणि पुष्कळ जण विषारी धुराने गुदमरले. तेव्हा आपण काय करावे? कापूस व वाख टाकणखार आणि बोरिक ॲसिड यांच्या द्रावणात भिजवून वाळवावेत. त्याने ज्योत सहसा पसरत नाही, आणि बुरशी व किडीसही आळा बसतो. तयार नमुना मोकळ्या जागी ज्योतीस धरून पाहावा. तो पेटत राहिला तर ती चौकट मंदिरात येता कामा नये. त्यानंतर जाणकार अभियंत्याची व अग्निशमन खात्याची संमती घ्यावी. मेणबत्त्या, विजेच्या तारा आणि वेदी यांच्याजवळ तंतू मुळीच लावू नयेत. चांगले ऐकू यावे म्हणून कोणाच्या जिवास धोका निर्माण करणे हा धर्म नव्हे.

दुसरा आक्षेप ओल, उंदीर व वाळवी यांचा. चौकट जमिनीपासून दोन मीटर उंच, भिंतीपासून सुटी आणि खुंटीवरून काढता येईल अशी असावी. दरवर्षी पावसाळा उलटला की ती उन्हात घालावी, खोळ धुवावी, आणि कापूस दबला असल्यास पुन्हा पिंजून घ्यावा. मात्र कापूस भिजला असेल तर द्रावणाची क्रिया पुन्हा करणे अगत्याचे आहे. दिवाळीपूर्वी गाद्या उन्हात टाकणाऱ्या गृहिणींस हे नवे नाही.

तिसरा आक्षेप आपल्या गायकमंडळाचा, आणि तो रास्त आहे. मंदिर पार मुके करू नये. सर्व भिंती मऊ केल्या तर गीत कोरडे पडते, आणि प्रत्येकास आपण एकटेच गात आहो असे वाटून तो ओशाळतो. म्हणून वेदीमागील भिंत व तिच्या जवळची छताची बाजू तशीच कठीण राहू द्यावी. तेथून आवाज लोकांकडे वळेल. मऊपणा प्रथम मागील भिंतीस द्यावा. वीस मीटर लांबीच्या गृहात वेदीवरून निघालेला शब्द मागील भिंतीवर आपटून सुमारे अष्टमांश सेकंदाने परत येतो आणि वाचकास व पुढील रांगांस गोंधळात पाडतो. त्यानंतर बाजूच्या भिंतींचा वरचा भाग. आणि बाकांवर पातळ गाद्या, म्हणजे जागा रिकामी असली तरी गादी थोडेफार माणसाचे काम करील.

खर्चाचा विचार म्हणाल तर एक हिशेब सांगतो. ६० चौरस मीटर क्षेत्र आणि पाच सेंटिमीटर जाडी म्हणजे तीन घनमीटर. घनमीटरास ४० किलो या प्रमाणात कापूस भरला तर एकूण १२० किलो लागतो. कापसाची एक गाठ १७० किलोंची असते. अर्थात एका गाठीहूनही कमी कापसात एक प्रार्थनागृह बोलके होते.

या आकड्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील कापूस उत्पादकाचे दुःख साऱ्या देशास ठाऊक आहे; कर्जाच्या व नापिकीच्या ओझ्याखाली किती घरांचे दिवे विझले हे या सभेत सांगावयास नको. आपल्या एका गाठीने त्या दुःखाचा डोंगर हलणार नाही, आणि तसे म्हणणे दुःखितांची थट्टा ठरेल. परंतु शाळा, दवाखाने, सभागृहे आणि प्रार्थनास्थळे गावोगाव आहेत, आणि ती बहुतेक घुमतात. शाळेतील शेवटच्या बाकावरचे मूल ‘मठ्ठ’ ठरते, तेव्हा कित्येकदा त्याला गुरुजींचा शब्दच पोहोचलेला नसतो. या साऱ्या इमारतींना मऊपणाची गरज आहे असे एकदा ओळखले गेले, तर आज जी पऱ्हाटी जळते तिला आणि आखूड तंतूला गिऱ्हाईक मिळेल, आणि शिवणाऱ्या-पिंजणाऱ्या हातांना काम. पोप फ्रान्सिस यांनी २४ मे २०१५ रोजी दिलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयास शिकविले. शेतातील धूर आणि शेतकऱ्याची विवंचना एकाच बांधावर उभी असलेली आपण रोज पाहतो. तेव्हा ही शिकवण आपल्याइतकी कोणास समजावी?

माझी सूचना अशी. ज्युबिलीचा निधी फरशीवर अगर कर्ण्यांवर खर्च करण्यापूर्वी एक प्रयोग करावा. वाचकाने वीस शब्दांची यादी करावी: तारण, कारण, पाप, ताप, कृपा, कथा असे जवळजवळचे शब्द. ते वेदीवरून वाचावेत आणि मागील तीन रांगांतील वृद्धांनी व मुलांनी जे ऐकू आले ते लिहावे. ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी शेजाऱ्यास सांगावे. त्यानंतर प्रत्येक घरातून एक गोधडी किंवा गादी आणून मागील भिंतीवर एका दिवसापुरती टांगावी, मेणबत्त्या दूर ठेवाव्यात, आणि तितक्याच लोकांपुढे तशीच दुसरी यादी वाचावी. दोन्ही वेळचे बरोबर शब्द मोजावेत. फरक पडला नाही तर माझी सूचना खुशाल बाजूस ठेवावी. फरक पडला तर समितीने चौकटींचे काम हाती घ्यावे. शिवण महिलामंडळाने, चौकटी आपल्या सुतारबंधूंनी, आणि कापूस ज्यांच्या शेतात पिकतो त्यांनी ओंजळीओंजळीने द्यावा.

पूर्वजांनी आपल्याला वेदी दिली, छप्पर दिले, घंटा दिली. घंटेचा नाद गावभर पोहोचतो. वेदीवरचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोहोचविण्याचे काम त्यांनी आपल्यासाठी ठेवले आहे. ज्या मातीत आपण पेरतो तिच्यातून उगवलेला तंतू प्रभूच्या शब्दाची वाट मोकळी करील, तर याहून साजरे ज्युबिलीचे अर्पण मला दिसत नाही. प्रभू आपले कान व अंतःकरणे उघडो, आपल्या शेतांस यश देवो, आणि पवित्र मरिया, जिने देवदूताचा शब्द ऐकून तो हृदयात जपला, ती आपल्या धर्मग्रामास आश्रय देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.